खडीन आणि त्याच्यावरचा माळ

मंडळी, वाळवंटातल्या उपजीविकेचा विषय निघाला की पाणी आणायचं कुठून, इथूनच चर्चा सुरू होते. मला आज त्याच्या आधीचा प्रश्न घ्यायचा आहे. आभाळातून पडलेलं पाणी कोणत्या जमिनीवरून वाहत येतं, आणि ती जमीन कोण राखतं?

जैसलमेरकडे पाहा. वर्षाचा पाऊस २०० मिलिमीटरच्या आत, तोही मोजक्या सरींत. अशा मुलखात पालीवाल ब्राह्मणांनी काही शतकांपूर्वी खडीन बांधले. खडकाळ उताराच्या पायथ्याशी मातीचा लांबलचक बांध घालायचा. पाणी माळावरून गाळ घेऊन उतरतं, बांधाआड साचतं, हळूहळू जिरतं. जास्तीचं सांडव्यावाटे पुढे जातं. पावसाळा सरून वरचं पाणी आटलं, की त्याच ओलीवर गहू-हरभरा पेरतात. पिकाला वेगळं पाणी द्यावं लागत नाही. दरवर्षी नवा गाळ बसतो, म्हणून जमिनीचा कसही टिकतो. असे कितीतरी खडीन आजही पिकतात, आणि मला ही विद्या फार मोलाची वाटते.

पण एक एकर खडीन भिजायला वरचा दहा-पंधरा एकर माळ मोकळा लागतो. तो बहुधा कोणा एकाचा नसतो. त्यावर शेळ्या-मेंढ्या चरतात, उंट चरतात. जवळपास ओरण असतं, म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान. तिथल्या खेजडीला, आपण जिला शमी म्हणतो तिला, कोणी कुऱ्हाड लावत नाही. तिचा पाला दुष्काळात जनावरं जगवतो.

महसुली दप्तरात मात्र यातली पुष्कळ जमीन पडीक म्हणून लागली आहे, आणि अशी जमीन प्रकल्पाला देणं सोपं. थरमधल्याच भडला इथलं सौरऊर्जा केंद्र २,२४५ मेगावॅटचं, हजारो एकरांवर पसरलेलं. सौरऊर्जा मला हवीच आहे. कोळसा जाळण्यापेक्षा ती कितीतरी बरी. पण माळावर कुंपणं आली, रस्त्यांचे भराव पडले, की पाण्याच्या वाटा मोडतात आणि खालचा खडीन कोरडा राहतो. त्या शेतकऱ्यानं भरपाई तरी कशी मागायची? त्याची जमीन कोणी घेतलेलीच नसते.

डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजस्थानातल्या ओरणांचे नकाशे करून त्यांना वनाचा दर्जा द्यायला सांगितलं. मोठाच आधार झाला. तरी पशुपालकांना धास्ती आहे, की वनखात्याचा अंमल आल्यावर चराई बंद होईल. ती मला रास्त वाटते. ओरणं आजवर राखली ती तिथं जनावरं चारणाऱ्यांनीच.

तेव्हा माझं मागणं एवढंच आहे: माळाचा तुकडा कोणालाही देण्याआधी खालच्या प्रत्येक खडिनाचा पाणलोट नकाशावर आखा. आणि त्यासाठी ग्रामसभा भरवाल, तेव्हा कळप घेऊन परमुलखात गेलेले लोक गावी परतल्यानंतरची तारीख धरा.