राखण

पहाटेचे साडेपाच. तासगाव तालुक्यातल्या या घरात चहाच्या आधी आरसा निघतो. साधा, दाढीचा. दादा कुशीवर आहेत आणि वहिनी तो त्यांच्या माकडहाडापाशी धरतात, मग टाचांपाशी. कातडी कुठं लाल दिसतेय का? बोटानं दाबलं की लाली जातेय का? गेली नाही, तर त्या अंगावर आज भार द्यायचा नाही.

अकरा वर्षांपूर्वी विहिरीतली मोटर वर काढताना दादा पडले. छातीच्या पाचव्या मणक्याला मार बसला, आतला मज्जारज्जू चेमटला. लोकांना दिसते ती चाकांची खुर्ची. पण बसून अवघडलं, लघवी लागली, खालून चटका बसला, हे सांगावेही मज्जारज्जूच मेंदूकडे नेतो. तेही थांबले. आपण बसल्या जागी नकळत सरकतो; दादांना आठवणीनं दंडांवर जोर देऊन अंग उचलावं लागतं. एका लग्नात चार तास तसंच बसणं झालं. त्यानं झालेली जखम भरायला पाच महिने लागले.

लघवीसाठी दर चार ते सहा तासांनी, हात धुऊन, नळी. मूत्राशय तुंबत राहिलं तर त्याचा ताण मूत्रपिंडांवर येतो. आणि छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याहून वरच्या मणक्यांत मार असलेल्यांना त्याहून तातडीचा धोका असतो: रक्तदाब एकदम भडकतो, डोकं ठणकतं, तोंडावर घाम फुटतो. अशा वेळी माणसाला झोपवायचं नाही. ताठ बसवायचं, कपडे सैल करायचे, आधी लघवी तुंबलीय का ते बघायचं. उतार पडला नाही तर लगेच दवाखाना. दादांच्या शाळकरी मुलीला हे पाठ आहे. प्रत्येक अशा घरात ते पाठ असायला हवं.

पायांची हाडं भार नसल्यानं ठिसूळ होतात. खुर्ची ढकलून खांदे झिजतात. दादांचा उजवा खांदा आता दुखायला लागलाय.

याच जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक मणक्यात राहिली. १९७२ साली हायडेलबर्गला त्यांनी ५० मीटर पोहण्यात भारताला पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण मिळवून दिलं. दादा हे नाव फार मायेनं घेतात. आम्ही विचारत होतो पदकाबद्दल, ते म्हणाले, “इतकी वर्षं त्यांनी कातडी कशी राखली असेल, ते विचारा की.”

रात्री दोनला गजर होतो. वहिनी दिवा न लावता उठतात, दादांना डाव्या कुशीवर वळवतात, दोन गुडघ्यांमध्ये गोधडीची घडी सरकवतात. मोबाईलवर पुढचा गजर लावतात. साडेपाचचा.