आधी सूर, मग गुहा

धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून जाताना माळरानावर दूरपर्यंत सरळ धावणाऱ्या, पडक्या तटबंदीसारख्या काळ्या खडकाच्या रांगा दिसतात. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनभर लाव्हा पसरला, त्या काळात जमिनीच्या लांब भेगांत शिरून थिजलेला हा बेसॉल्ट आहे. भोवतालचा खडक झिजत गेला, तशा या भिंती उघड्या पडल्या.

बेसॉल्टचेच एक चिमुकले बेट स्कॉटलंडच्या पश्चिमेला, हेब्रिडीज द्वीपसमूहात आहे. त्याचे नाव स्टाफा. तिथे निवताना आकसलेल्या लाव्हाला उभ्या चिरा पडल्या, त्यांतून बहुतांशी षट्कोनी खांब तयार झाले आणि त्या खांबांमध्ये समुद्राने पोखरलेली पोकळी फिंगलची गुहा म्हणून प्रसिद्ध झाली. फेलिक्स मेंडेल्सन या जर्मन संगीतकाराची 'हेब्रिडीज' ही वाद्यवृंदासाठीची सुमारे दहा मिनिटांची रचना, म्हणजे या माहितीपटाचा विषय, या गुहेत सुचली, असे सर्रास सांगितले जाते.

तारखा मात्र निराळे सांगतात. वीस वर्षांच्या मेंडेल्सनने ७ ऑगस्ट १८२९ च्या पत्रात, या बेटांचा मनावर झालेला परिणाम घरच्यांना कळावा म्हणून, रचनेचा आरंभ वाद्यांच्या खुणांसकट लिहून पाठवला. स्टाफाला नेणाऱ्या आगबोटीत तो बसला, तो त्याच्या दुसऱ्या दिवशी. त्या प्रवासात बोट लागून त्याचे पार हाल झाले. समुद्राशी फेलिक्सचे संगीतकार म्हणून जितके जमते तितके त्याच्या पोटाचे जमत नाही, अशा आशयाचे वाक्य सोबतचा मित्र कार्ल क्लिंगेमान याने लिहून ठेवले आहे.

तेव्हा ही रचना ऐकताना गुहा शोधू नये, पाणी ऐकावे. 'बसून' हे फुंकवाद्य आणि व्हिओला व चेलो ही तंतुवाद्ये, अशी खालच्या पट्टीची वाद्ये एक छोटीशी उतरती आकृती हलक्या आवाजात वाजवतात, तीच पुन्हा वाजवतात आणि मग जागा बदलून आणखी वर नेतात. त्या आकृतीवर व्हायोलिनचे लांब धरलेले स्वर असतात. सरदार सरोवराचे पाणी चढल्यापासून अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या नर्मदाकाठच्या काही पाड्यांवर जायला बोटच लागते. त्या बोटीत बसलेल्या माणसाला ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही, कारण बोटीखालचे पाणी तेच राहते आणि समोरचा डोंगर तेवढा बदलतो.

यानंतर चेलो आणि बसूनवर एक रुंद, वर चढत जाणारी धून येते. तीच धून पुढे, मधली खळबळ ओसरल्यावर, क्लॅरिनेटवर परतते, आणि आमच्या मते साऱ्या रचनेतली सर्वांत सुंदर जागा हीच आहे. खानदेशात हे वाद्य वरातीच्या बँडमुळे ओळखीचे असते, भर रस्त्यात आवाज काढणारे म्हणून. इथे ते आधी जवळजवळ एकटे आणि मग दुसऱ्या क्लॅरिनेटला सोबत घेऊन, अगदी सावकाश गाते.

पहिला खर्डा डिसेंबर १८३० मध्ये रोमला पूर्ण झाला, पण मेंडेल्सनचे समाधान झाले नाही. मधल्या भागाला व्हेलचे तेल, समुद्रपक्षी आणि खारवलेली मासळी यांच्यापेक्षा काउंटरपॉइंटचाच, म्हणजे एकाच वेळी अनेक धून एकमेकींत गुंफण्याच्या शास्त्राचाच, वास अधिक येतो, अशी तक्रार त्याने १८३२ च्या जानेवारीत पॅरिसहून बहिणीला कळवली. स्वतःच्या विद्वत्तेवर इतक्या नेमकेपणाने बोट ठेवणारा तेवीस वर्षांचाही न झालेला संगीतकार विरळाच. १४ मे १८३२ रोजी लंडनमध्ये रचना प्रथम वाजली आणि त्यानंतरही त्याने तिच्यावर पुन्हा हात फिरवला.

नावाचाही घोळ झाला. रोममधल्या खर्ड्याच्या वेळी 'एकाकी बेट' असे नाव होते, पुढे 'हेब्रिडीज' आले, आणि छापील स्वरलिपीवर 'फिंगलची गुहा' हे नाव चढले. पहिले सूर गुहा पाहण्याआधीच कागदावर उतरलेले असल्यामुळे या माहितीपटात आम्ही 'हेब्रिडीज' हेच नाव वापरले आहे.