मुलांना बुटाची लेस बांधायला शिकवताना

श्रोतेहो, नमस्कार.

जून महिना लागला की साताऱ्यात पाऊस आणि शाळा जोडीनेच येतात, आणि पहिली-दुसरीतल्या मुलांच्या घरी सकाळी दाराशी ठरलेली धांदल सुरू होते. खाली रिक्षावाले काका हॉर्न वाजवत असतात, मूल पाय पुढे करून उंबऱ्यापाशी बसलेले असते आणि आई किंवा आजोबा वाकून त्याच्या बुटाची लेस बांधून देत असतात. त्या क्षणी बांधून देणे योग्यच आहे, कारण घाईत कोणालाच काही शिकवता येत नाही. परंतु बऱ्याच घरांत शिकवण्याची निवांत वेळ कधी काढलीच जात नाही, आणि मूल चौथीत गेले तरी सवयीने पाय पुढे करते. ही वेळ कशी काढावी आणि त्या वेळात नेमके काय शिकवावे, याविषयी मी आज बोलणार आहे.

हा विषय केवळ शहरातल्या घरांचा नाही. राज्य शासनाने २०२३ साली जिल्हा परिषदेच्या आणि इतर सरकारी शाळांतील मुलांना गणवेशाबरोबर एक जोडी बूट आणि दोन जोड्या पायमोजे देण्याचा निर्णय घेतला. माण-खटावच्या किंवा जावळी-पाटणच्या एखाद्या वाडीवर, जिथे लहान मुलांच्या पायात चप्पलच असायची, तिथे लेस बांधायला शिकवण्याचे काम वर्गातल्या बाईंकडे किंवा गुरुजींकडे येते.

बहुतेक मुले पाच ते सात वर्षांच्या दरम्यान लेस बांधायला शिकतात. या कामात दोन्ही हातांनी एकाच वेळी वेगवेगळ्या हालचाली कराव्या लागतात, एका हाताने धरून ठेवायचे आणि दुसऱ्याने ओवायचे, आणि ही तयारी घरातल्या कामांतून आपोआप होत असते. जे मूल भुईमुगाच्या शेंगा फोडते, वाटाणे सोलते आणि शर्टाची बटणे स्वतः लावते, त्याची बोटे लेससाठी तयार झाली आहेत असे समजायला हरकत नाही. तोवर व्हेल्क्रोचे बूट खुशाल वापरावेत, त्यात कमीपणा काही नाही.

शिकवण्यासाठी रविवारची दुपार किंवा रात्रीच्या जेवणानंतरची दहा मिनिटे निवडावीत. पायातला बूट मुलाच्या हातांपासून लांब असतो, म्हणून सुरुवातीला बूट पाटावर ठेवावा, त्यात जुनी वर्तमानपत्रे कोंबावीत आणि टाच मुलाकडे, चवडा समोर अशा रीतीने तो मांडावा. आपण मुलाच्या समोर बसू नये. समोरून दाखवलेले सारे त्याला उलटे दिसते आणि आपला उजवा हात त्याच्या डाव्या हाताच्या बाजूला येतो, म्हणून त्याच्या शेजारी किंवा त्याला मांडीत घेऊन मागून हात पुढे करून दाखवावे. मूल डावखुरे असेल आणि आपण उजव्या हाताचे असू, तर मात्र समोरच बसावे. आरशात पाहावे तसे ते आपले हात पाहून शिकते.

आता गाठीकडे येऊ. शनिवारच्या कवायतीचे जे पांढरे कॅनव्हासचे बूट असतात, त्यांची एक लेस काढून अर्धी हळदीच्या पाण्यात बुडवावी आणि वाळवून पुन्हा ओवावी, म्हणजे एक टोक पिवळे आणि दुसरे पांढरे राहील. पहिल्या गाठीत पिवळे टोक पांढऱ्यावरून न्यावे, खालून ओवावे आणि ओढावे. मग दोन्ही टोके दुमडून त्यांचे दोन कान, म्हणजे दोन फासे, करावेत, आणि या वेळीही पिवळा कानच पांढऱ्यावरून नेऊन खालून ओवावा. दोन्ही वेळा पिवळे वर, एवढाच नियम मुलाला सांगावा. पहिल्या गाठीनंतर पिवळे टोक दुसऱ्या बाजूला गेलेले असते, त्यामुळे हाताची हालचाल दुसऱ्या वेळी उलट होते, आणि ही उलट हालचालच गाठ पक्की करते. दोन्ही वेळा डावीकडचेच टोक वर घेतले, तर लेसचे फूल बुटावर उभे, म्हणजे चवडा आणि घोटा यांच्या दिशेने वळते आणि मधल्या सुट्टीपर्यंत सुटून जाते. बरोबर बांधलेले फूल बुटावर आडवे बसते. मोठ्या माणसांनीही आपले बूट एकदा या नजरेने पाहावेत, कारण कित्येकांची लेस आयुष्यभर याच एका कारणाने सुटत असते.

ही गाठ चालताना का सुटते, याचा अभ्यास अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अभियंत्यांनी केला आणि तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. पाऊल जमिनीवर आपटते तेव्हा गाठीला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सातपट धक्का बसून ती सैल होते, आणि पाय पुढे-मागे झुलताना लेसची मोकळी टोके तिला ओढत राहतात. या दोन गोष्टी एकत्र आल्या की गाठ काही क्षणांत सुटते. मैदानावर धावणाऱ्या मुलाच्या पायात दोन्ही भरपूर असतात, म्हणून त्याची लेस सुटली की ते निष्काळजी आहे असे लगेच ठरवू नये. आधी फूल आडवे आहे की उभे, ते पाहावे.

सगळ्या पायऱ्या एकाच दिवशी शिकवण्याचा आग्रह धरू नये. सुरुवातीचे दिवस आपण सारे बांधावे आणि दोन कान धरून घट्ट ओढण्याचे शेवटचे काम तेवढे मुलाला द्यावे. ते जमले की कान ओवण्याचे काम द्यावे, मग कान करण्याचे, आणि असे मागे मागे येत पहिल्या गाठीपर्यंत यावे. या रीतीत प्रत्येक वेळी गाठ मुलाच्याच हातून पुरी होते, आणि पुन्हा करून पाहण्याची त्याची इच्छा टिकते. माझ्या मते या सबंध शिक्षणात एवढी एक गोष्ट पाळली, तरी निम्मे काम झाले.

राहता राहिली पावसाळ्यातली अडचण. सुती लेस भिजली की फुगते, आणि वरून दुसरी गाठ मारली असेल तर तिची निरगाठ होऊन बसते. म्हणून पावसाच्या दिवसांत कानांवर दुसरी गाठ मारायला शिकवू नये आणि सोडण्याची रीतही बांधण्याबरोबरच शिकवावी: कान ओढायचे नाहीत, मोकळे टोक ओढायचे. तरीही गाठ अडकलीच, तर बूट काढून वाळू द्यावा आणि मग मधली लेस दोन्ही बाजूंनी गाठीकडे ढकलून तिला सैल करावे. दाताने ओढू देऊ नये.

नमस्कार.