सहाचे बारा करताना

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'जुन्या गाडीला बारा व्होल्ट केल्यावर बाकीच्या उपकरणांचं काय?' अर्ध्या तासातली दहा मिनिटं माझी ओळख करून देण्यातच गेली. (हशा) असो.

आमची 1947 ची शेवरले फ्लीटमास्टर मुंबईत शिवडीच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात जुळलेली. तो कारखाना बंद पडला 1954 ला आणि शेवरलेच्या विजेला सहाच्या जागी बारा व्होल्ट आले 1955 च्या मॉडेलला. म्हणजे शिवडीची लेक सहा व्होल्टचीच. तिला नावं ठेवू नका! हेडलाइट मिणमिणतात ते कुणीतरी नव्या गाडीची बारीक वायर ओढून ठेवलेली असते म्हणून. तेवढ्याच वॉटला सहावर दुप्पट करंट लागतो. वायर जाड हवी, अर्थिंग घासूनपुसून हवं. वीस वर्षं ओरडतोय. पण मुलगा म्हणाला, "बाबा, सहाची बॅटरी शोधण्यात रविवार जातात." केले बारा.

बॅटरी, ती चार्ज करणारा डायनामो, त्या दोघांना जोडणारा-तोडणारा कटआउट, ठिणगीची कॉइल, बल्ब, सगळं बदललं. राहिला रेडिओ. व्हॉल्व्हचा, आत व्हायब्रेटर, म्हणजे व्होल्ट चढवण्यासाठी बॅटरीचा करंट सतत तोडणारा-जोडणारा डबा, गुणगुणणारा. त्याच्या फ्यूजला पूर्वीच्या कुणीतरी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली, म्हणजे तो वेळेवर उडणारच नाही. ते मला नंतर कळलं. पहिल्याच फेरीला, पर्वतीच्या पायथ्याशी, मी बटण फिरवलं. व्हॉल्व्ह तापेपर्यंत शांतता. मग काय आवाज! इतका खणखणीत तो जन्मात वाजला नव्हता. सौ. म्हणाल्या, "बघा, बारा व्होल्ट बरे." पुढच्या मिनिटाला डॅशबोर्डखालून मेण जळल्याचा वास. मी बटण बंद करतोय, आणि मागच्या रिक्षावाल्याला वाटतंय मी त्याला डाव्या बाजूनं जायला सांगतोय. (हशा)

गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, एक रेझिस्टन्स टाकला की काम झालं." या वाक्यावर माझा राग आहे. त्या रेडिओला लागतात पाच-सहा अँपिअर. सहा व्होल्ट अडवायचे म्हणजे छत्तीस वॉट उष्णता! पायाशी हेडलाइट पेटवून गाणी ऐकायची की काय? शिवाय रेझिस्टन्स व्होल्टेज ठरवत नाही. किती अडवायचं हे करंटवर ठरतं. डॅशबोर्डचे चार सहाचे बल्ब एका रेझिस्टन्सवर टाका. एक उडाला की करंट घटतो, उरलेल्या तिघांना जास्त व्होल्ट मिळतात, आणि पंगतीतून उठावं तसे एकेक...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मुद्दे पळवतो.

बल्ब बाराचेच घ्या, हुज्जत नको. रेडिओला इलेक्ट्रॉनिक रिड्यूसर, म्हणजे बाराचे सहा करून देणारा डबा, करंट पेलणारा. आणि घेण्याआधी गाडीचं अर्थ, म्हणजे बॉडीला जोडलेलं बॅटरीचं टोक, प्लस आहे की मायनस ते बघा, फोर्डवाल्यांनी विशेष. पेट्रोलच्या काट्याला छोटा वेगळा रिड्यूसर. घड्याळ दर दीड-दोन मिनिटांनी क्षणभर करंट खाऊन स्वतःला चावी देतं, त्याला मात्र रेझिस्टन्स चालतो. घ्या, हा एक अपवाद! हॉर्न टिचकीपुरता वाजवलात तर तग धरतो, वरातीत नाही. सहा सेलच्या बॅटरीच्या मधून सहा व्होल्ट काढायची जुनी युक्ती करू नका: तीन सेल उपाशी, तीन अजीर्णानं मरतात.

सेल्फ, म्हणजे इंजिन चालू करणारी मोटर, सहाचाच ठेवलाय. दणक्यात फिरतो, पण तो ज्यात अडकतो त्या इंजिनाच्या रिंगगिअरचे दात... चहा आला का? मग बाहेर गाडीपाशीच या, आवाज ऐकवतो.