सरकारजमा जमिनीचा परतावा

अमेरिकन संघराज्याच्या तिजोरीत सुरुवातीला पैसा थोडा आणि कर्ज फार होते, आणि ओहायो नदीपलीकडची जमीन विकून ते फेडायचे ठरले होते. (त्यातली बरीच जमीन १७९५ च्या ग्रीनव्हिलच्या तहाने शॉनी, मायामी आदी तिथल्या मूळ रहिवासी जमातींकडून घेतलेली होती; आज ज्या भरपाईविषयी बोलायचे आहे तिच्यात त्यांचा वाटा नाही, हे आधीच सांगतो.)

१८०० च्या कायद्याने ही विक्री उधारीवर सुरू झाली. एकरी किमान २ डॉलर, चौथा हिस्सा ४० दिवसांत, उरलेली रक्कम चार वर्षांत, व्याज ६ टक्के. शेवटच्या हप्त्यानंतर वर्षभरात बाकी फिटली नाही तर जमिनीचा लिलाव होई. बोली थकबाकीहून अधिक आली तर वरकड रक्कम मूळ खरेदीदाराला मिळे, आणि थकबाकीइतकीही आली नाही तर जमीन सरकारजमा होऊन भरलेले हप्ते बुडत. वरकडीची ही तरतूद दिसायला न्याय्य होती खरी, पण मंदीत चढी बोली लावणार कोण?

अर्थमंत्री गॅलटिन यांनी उधारी बंद करण्याचा सल्ला दिला होता. काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, तो न मानता १८०६ पासून मुदतवाढीचे कायदे केले, आणि ‘थांबलो तर सवलत मिळते’ हे कर्जदार शिकले. १८१९ च्या मंदीत कापसाचे भाव कोसळले तेव्हा येणे २ कोटी डॉलरच्या वर गेले होते. त्यातले जवळपास निम्मे एकट्या अलाबामातले.

१८२० मध्ये उधारी संपली आणि किमान दर १.२५ डॉलरवर आला. मग २ डॉलरने घेतलेल्यांचे काय? १८२१ च्या कायद्याने उरलेली रक्कम एकदम भरणाऱ्याला तीवर ३७.५ टक्के सूट दिली. हा विचित्र आकडा कुठून आला ते पाहा: २ डॉलरमधून ३७.५ टक्के वजा केले की बरोबर १.२५ उरतात. दुसरी वाट जमीन सोडण्याची होती. ३२० एकरांसाठी १६० डॉलर भरलेल्याने २४० एकर परत करावेत, आणि उरलेले ८० एकर पूर्ण फेडलेले समजावेत.

माझ्या मते खरा अन्याय झाला तो ज्यांची जमीन आधीच सरकारजमा झाली होती त्यांच्यावर, कारण सोडायला त्यांच्या हाती काहीच उरले नव्हते. त्यांची दखल १८२८ च्या मे महिन्यात घेतली गेली. भरलेल्या रकमेचे प्रमाणपत्र त्यांना मिळू लागले. मात्र ते रोखीत वटत नसे, सरकारी जमिनीच्या किमतीपोटीच चाले. १६० एकरांवर पहिला हप्ता म्हणून ८० डॉलर घालवलेल्या माणसाला त्या कागदावर किमान दराने ६४ एकर मिळत, आणि त्याच्या जुन्या तुकड्यावर एव्हाना दुसऱ्याचे नाव चढले असेल, तर ते ६४ एकर त्याला दुसरीकडे शोधावे लागत.