सहा चिठ्ठ्यांची बेरीज

(दर्यापूर तालुक्यातल्या एका गावच्या सार्वजनिक वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. वक्ते संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक.)

राजेहो, मागच्या आठवड्यात या गावातली सहा पोरं माझ्याकडे आली होती. आज समोर बसली आहेत. नावं घेणार नाही, त्यांना विचारूनच सांगतो आहे. गेले आठ महिने दर शनिवारी रात्री कोठ्याशेजारच्या खोलीत ही सहा जणं पोकर खेळतात. ब्लाइंड, म्हणजे पत्ते पाहण्याआधी दोघांनी आळीपाळीनं लावायचीच रक्कम, एक आणि दोन रुपये; बसताना दोनशेची चिप. बाहेरचा माणूस नाही, दारू नाही. मी प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी दिली आणि म्हटलं, आठ महिन्यांत तू किती वर आहेस की खाली, ते एकमेकांना न दाखवता लिही.

चिठ्ठ्या उघडल्या. अधिक चार हजार. अधिक अडीच हजार. अधिक अठराशे. अधिक तीन हजार. एकानं लिहिलं होतं, बरोबरीत. एकानं वजा दोनशे. मी फळ्यावर बेरीज मांडली. अधिक अकरा हजार शंभर.

आता सांगा, हे अकरा हजार आले कुठून? त्या खोलीत पैसा उगवत नाही. एकाच्या खिशातून निघतो, दुसऱ्याच्या खिशात जातो. सहा खऱ्या आकड्यांची बेरीज शून्यच यायला हवी. चहा-चिवड्याचा खर्च धरला तर शून्याच्याही खाली. यातलं कोणीही खोटारडं नाही. या पोरांना मी लहानपणापासून ओळखतो. जिंकलेली रात्र लख्ख आठवते आणि हरलेली विरते, एवढंच झालं. आपण जिंकतो का, हा प्रश्न आठवणीला विचारला तर असंच उत्तर येतं.

हे आपल्याला नवीन नाही. कापसाची पट्टी हातात पडली की ऐंशी हजार मिळाले असं वाटतं. बियाणं, फवारणी, वेचणीची मजुरी, गाडीभाडं हे वेगवेगळ्या दिवशी, थोडं थोडं करून गेलेलं असतं, म्हणून ते एका आकड्यात डोळ्यांसमोर येत नाही. ज्याच्या घरी वही आहे त्यालाच कळतं की ऐंशीतले हातात किती उरले.

त्या सहांतला एक जण फोनवरही खेळायचा. तो मला म्हणाला, "सर, मी त फायद्यातच होतो, सरकारनं बंद केलं." पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनं केला आणि 22 ऑगस्ट 2025 ला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद त्या कायद्यानं ठेवला नाही, त्यामुळे पोकर आणि रमी दोन्ही त्यात आले आणि अॅपवरचे पैशाचे डाव थांबले. कायदा बरोबर की चूक यावर आज मी बोलणार नाही. पण "मी फायद्यात होतो" हे विधान तपासता येतं, आणि डाव बंद झाल्यामुळे त्याचा हिशेब पूर्ण झालेला होता. मी म्हटलं, बस, तपासू.

त्याच्याकडे अॅपमधल्या आलेखाचा स्क्रीनशॉट होता. 18,400 डाव, 1,472 रुपये वर. मी म्हटलं, आता बँकेचं स्टेटमेंट काढ. सगळ्या यूपीआय नोंदी आम्ही एकेक करून लिहिल्या, दोन तास लागले. भरलेले 41,300. काढलेले 38,900. बँकेच्या हिशेबानं चोवीसशे रुपये खाली. तो बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे पाहत राहिला. टेबलावर दीड हजार वर असलेला माणूस बँकेत चोवीसशे खाली कसा? 1 ऑक्टोबर 2023 पासून अॅपवर भरलेल्या रकमेवर 28 टक्के जीएसटी लागत होता. त्याचं अॅप ती रक्कम बोनस म्हणून परत दाखवायचं, पण तो बोनस पूर्ण वटवायला आणखी कितीतरी डाव खेळावे लागत. जेवढा वटला नाही तेवढा बुडाला. आलेखात हे कुठेच नव्हतं. म्हणून पहिली गोष्ट, आकडा घ्यायचा तो बँकेचा.

तरी टेबलावरचा त्याचा आकडा मी बाजूला टाकला नाही, कारण खेळ येतो की नाही हे त्यातूनच पाहायचं असतं. पोकरमध्ये कमाई मोजतात ती शंभर डावांमागे किती बिग ब्लाइंड, म्हणजे दोन ब्लाइंडांतल्या मोठ्याच्या किती पट, अशी. त्याचा बिग ब्लाइंड दोन रुपयांचा, म्हणजे 1,472 रुपयांचे झाले 736. डावांचे शेकडे 184. भागाकार चार. शंभर डावांमागे चार बिग ब्लाइंड ही चांगल्या खेळाडूची कमाई. पोराचा चेहरा उजळला.

पण हा चार किती पक्का आहे? सहा जणांच्या नो-लिमिट टेबलावर, म्हणजे लावायच्या रकमेला मर्यादा नसते तिथे, शंभर डावांच्या निकालाचं प्रमाण विचलन, म्हणजे निकाल सरासरीपासून साधारण किती दूर जातो ते माप, 80 ते 100 बिग ब्लाइंड असतं. मधला 90 धरू. म्हणजे सरासरीनं चार कमावणाऱ्याचाही एखादा शेकडा नव्वदनं खाली जाणं ही रोजची गोष्ट आहे. शेकडे वाढले की सरासरीतली चूक कमी होते, पण वर्गमुळाच्या चालीनं. 184 चं वर्गमूळ साडेतेरा. नव्वदला साडेतेरानं भागा, 6.6 येतात. याच्या दुप्पट अलीकडे-पलीकडे धरावं लागतं. म्हणजे त्याची खरी कमाई वजा नऊपासून अधिक सतरापर्यंत कुठेही असू शकते. अठरा हजार डाव खेळूनही तो जिंकणारा की हरणारा, हे त्या आलेखावरून ठरत नाही.

हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून सावकाश सांगतो. आपण खारपाणपट्ट्यातली माणसं. विहिरीचं पाणी खारं, ओलिताला चालत नाही, सगळी भिस्त पावसावर. एका वर्षी पाऊस वेळेवर आला आणि तूर उतरली, तर तेवढ्यावरून कोणी चांगला शेतकरी ठरतो का? आपल्या बापजाद्यांनी तसं कधी ठरवलं नाही. दहा-वीस वर्षं बांधावरून पाहूनच ते म्हणत, याच्या हाताला शेती आहे. पत्त्यांच्या बाबतीत मात्र दोन महिने पाऊस साधला की पोरगा नोकरी सोडायच्या गोष्टी करतो. मला याचीच काळजी वाटते.

शनिवारच्या खेळाचं गणित तर आणखी कठीण आहे. हातानं वाटून तासाला पंचवीस डाव होतात. चार तास बसलात की शंभर. एक शनिवार म्हणजे एक शेकडा. आठ महिन्यांत चौतीस शनिवार, म्हणजे चूक धरायची तीस बिग ब्लाइंडच्या वर, अलीकडे आणि पलीकडेही. एक लाख डाव झाले तर हीच चूक सहाच्या आत येते. एक लाख डावांना लागतात हजार शनिवार. एकोणीस वर्षं.

मग उत्तर मिळणारच नाही का? निकालावरून लवकर मिळणार नाही. निर्णयावरून बरंच कळतं. त्या अडीच हजारवाल्यानं मला त्याचा सगळ्यात आवडता डाव सांगितला, तोच घेऊ. हातात बदामाचे दोन पत्ते, खाली सगळ्यांसाठी सामाईक चार पत्ते उघडलेले, त्यात दोन बदामाचे. मध्ये साठ रुपये. समोरच्यानं तीस लावले. यानं तीस टाकले, शेवटचा पत्ता बदामाचा आला आणि पाच बदाम जुळून याचा फ्लश लागला. खोलीत आरडाओरडा झाला. आता हिशेब करा. न दिसलेले पत्ते 46, त्यात बदामाचे नऊ. शंभरात साडेएकोणीस वेळा लागणार. किंमत किती मोजली? तीस टाकल्यावर मधला ढीग 120 चा, म्हणजे शंभरात पंचवीस वेळा लागला तरच बरोबरी. फ्लश लागल्यावर समोरच्याकडून पुढे आणखी काही निघणार असतं तर गोष्ट वेगळी होती, पण त्याच्याकडे नंतर सहाच रुपये उरले होते. ते धरूनही हिशेब जमत नाही. म्हणजे पैसे आले तरी टाकलेले तीस चूक होते. उलटही घडतं. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीपुढे सगळे पैसे लावून शंभरात सुमारे अठरा वेळा हरते. तशी हरलात तर वहीत "बरोबर खेळलो" असं लिहा आणि झोपा.

आणखी एक. अॅपवर किंवा अड्ड्यावर खेळताना समोरच्या पाच जणांहून सरस असून भागत नाही. प्रत्येक ढिगातून मालक आपला हिस्सा काढतो. पोकरवाले त्याला रेक म्हणतात, आपल्याकडे जुगारात नाल म्हणतात. समजा ढीग सरासरी सोळा रुपयांचा आणि नाल पाच टक्के. डावामागे ऐंशी पैसे जातात, क्षुल्लक वाटतात. सहाशे डावांत 480 रुपये होतात. सहा जणांनी दोनशे-दोनशे आणले असतील तर टेबलावरच्या बाराशेतले 480 सहांपैकी कोणाच्याच खिशात गेले नाहीत. मोठ्या ब्लाइंडच्या टेबलावर या कापणीला बहुधा वरची मर्यादा असते आणि मोठे ढीग तिच्या वर जातात. छोट्या टेबलावर ढीग त्या मर्यादेपर्यंत क्वचितच पोचतो, म्हणून कमी पैशांत खेळणाऱ्याला नाल प्रमाणानं जास्त बसते. सहाही जण अगदी सारखे खेळले तर सहाही जण हरतील.

तुमच्या खोलीत नाल नाही. तिथे प्रश्न दुसरा आहे. तुमच्यातला एखादा खरंच जिंकत असेल तर ते पैसे उरलेल्या पाचांचे आहेत, आणि ते पाच जण कोण आहेत हे त्याला माहीत आहे. ज्यानं वजा दोनशे लिहिलं, त्याला मी नंतर एकट्याला विचारलं. तो म्हणाला, "सर, खरं त मले माहीतच नाही. आकडा पाह्याची हिंमत नाही झाली." त्याच्या घरी तीन एकर आहे. बाकीच्या पाचांनी हे आज माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, आणि त्यानं मला ते सांगायची परवानगी दिली, याचं मला मोल आहे.

ही शंभर पानी वही मी आणली आहे. सहा रकाने आखले आहेत आणि सातवा बेरजेचा. उठताना प्रत्येकानं आपल्या हातानं आपला आकडा लिहायचा, दुसऱ्यानं सांगितलेला नाही. मधे दोनशे आणखी घेतले असतील तर तेही. सातव्या रकान्यात शून्य आलं नाही तर कोणी उठायचं नाही, तिथेच शोधायचं. सकाळी आठवत नाही. वही त्या वजा दोनशेवाल्याकडे राहील. त्यानं स्वतःच मागून घेतली आहे.