तारेचा नमुना

(दृश्य: यवतेश्वरचा घाट, सकाळ. वळणावर थांबलेली हिरवी गाडी.)

साताऱ्याहून कासला जाणारा रस्ता शहर सोडता सोडताच यवतेश्वरच्या घाटाला लागतो. पठारावर फुले आली की सुट्टीच्या दिवशी या घाटात गाड्यांची रांग लागते. मग प्रत्येक गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, समोरून वारा न मिळता, इंचाइंचाने चढत राहते. १९६७ सालची ही गडद हिरवी, उघड्या टपाची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स मोटार अशाच एका रविवारी तिसऱ्या वळणावर थांबली. तापमानाचा काटा हळूहळू वर सरकला नव्हता. तो बराच वेळ जागेवर होता आणि मग एकाएकी शेवटाला जाऊन टेकला. बॉनेटच्या कडेने वाफ आली आणि तिच्यासोबत तो गोडसर वास आला, जो कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे रसायनमिश्रित पाणी, सांडल्याची खूण म्हणून प्रत्येक मिस्त्री ओळखतो.

गाडीचे मालक साखर कारखान्यातून निवृत्त झालेले अभियंते आहेत. बॉयलरपाशी आयुष्य गेलेल्या माणसाला काट्याच्या त्या उडीचा अर्थ सांगावा लागत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवरच्या कासला उघड्या पातेल्यातले पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळते. रेडिएटरचे झाकण मात्र आत दाब धरून ठेवते. दर चौरस इंचाला १० पौंडांचा दाब धरला, तर पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे १५ अंशांनी वर जातो, आणि घाटातल्या गाडीचा सगळा जीव त्या १५ अंशांत असतो. नळीला भेग पडली की पाणी जाते ते जातेच, पण त्याआधी दाब जातो, आणि क्षणापूर्वी शांत असलेले पाणी एकदम उकळू लागते. रेडिएटर निम्मा भरलेला असतानाही गाडी अशी उसळते, ती यामुळे.

(दृश्य: साताऱ्यातले कोरेगाव रस्त्यावरचे गॅरेज. टेबलावर काढलेला होज पाइप.)

इंजिनाच्या डोक्यावरील थर्मोस्टॅटच्या, म्हणजे पाणी तापल्यावर उघडणाऱ्या झडपेच्या, तोंडापासून रेडिएटरच्या वरच्या टाकीपर्यंत जाणारी रबरी नळी म्हणजे हा वरचा होज पाइप. बाहेरून तो काळाभोर आणि तुकतुकीत आहे. मिस्त्रींनी त्याचे टोक अंगठ्याने उलटे वळवले, तेव्हा आतल्या बाजूला, पाइप आवळणाऱ्या क्लिपच्या नेमक्या पट्ट्यात, केसासारख्या बारीक उभ्या चिरा दिसल्या.

“साहेब, वरून बघाल तर नवा वाटतो. आतून पार गेलाय हा.”

ही झीज उष्णतेपेक्षा विजेची अधिक आहे. कूलंट होजच्या रबरात काजळी मिसळलेली असते आणि काजळी वीज वाहून नेते. एका बाजूला धातूचे तोंड, दुसऱ्या बाजूला हे रबर आणि दोहोंमध्ये कूलंट अशी एक क्षीण बॅटरीच तिथे तयार होते, आणि ती वर्षानुवर्षे रबराला आतून पोखरते. म्हणून होज तपासताना मध्यभागी दाबून भागत नाही. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर टोकापासून इंचभर अंतरावर चिमटीत धरून पाहावे, आणि तिथला भाग मधल्या भागापेक्षा मऊ लागला, तर तो पाइप कितीही चकचकीत दिसला तरी बदलावा.

बदलावा खरा, पण आणायचा कुठून?

मालकांच्या मनात पहिला विचार अँबॅसॅडरचा आला, आणि त्यात तथ्य होते. बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बी-सीरिज घराण्यातले १४८९ सीसीचे इंजिन १९५९ पासून अँबॅसॅडरमध्ये बसत होते. एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन त्याच घराण्यातले. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून अँबॅसॅडर २०१४ पर्यंत बाहेर पडत राहिली, त्यामुळे तिचे सुटे भाग आजही जुन्या दुकानांत मिळतात. साताऱ्यातच पोवई नाक्याच्या बाजूला एका दुकानात छताच्या आकड्यांना होज पाइपांचे जुडगे टांगलेले आहेत, प्रत्येकावर खडूने गाडीचे नाव आहे, आणि दुकानदाराने काठीने एक जुडगा खाली घेऊन अँबॅसॅडरचा पाइप पुढे केला. गॅरेजात तो थर्मोस्टॅटच्या तोंडावर बसला, पण त्याचे दुसरे टोक रेडिएटरकडे न जाता भलतीकडेच पाहत राहिले.

इथे चूक कोणाचीच नव्हती. होजचा आतला व्यास इंजिन ठरवते; त्याचा वाक मात्र रेडिएटर किती अंतरावर आणि किती उंचीवर बसवला आहे, त्यावरून ठरतो. अँबॅसॅडरचे नाक उंच आणि ऐसपैस, तर एमजीबीचे बॉनेट जमिनीलगत चालणारे. इंजिने भावंडे असली तरी घरे वेगळी. इतकेच काय, एमजीबी म्हटल्यानेही काम होत नाही, कारण १९७७ च्या मॉडेलपासून तिचा रेडिएटर पुढे सरकवण्यात आला आणि विजेवरचे पंखे आले, त्यामुळे त्या गाडीचे होज या १९६७ च्या गाडीला चालत नाहीत. मागवताना वर्ष सांगायचे विसरलेल्या माणसाकडे दोन महिन्यांनी चुकीचे पार्सल येते, आणि आमच्या मालकांकडे ते एकदा आलेले आहे.

त्या फेरीत एक गोष्ट मात्र पदरात पडली. हीटरच्या नळ्या अर्धा इंची आणि जवळजवळ सरळ असतात, त्यांना घराण्याची अट नसते. त्या त्याच दुकानात मीटरवर मिळाल्या.

(दृश्य: पुण्याची नाना पेठ. धूळ बसलेले खोके.)

पुण्याच्या नाना पेठेत मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने शेजारी शेजारी आहेत. तिथे एका दुकानाच्या माळ्यावर जुन्या ब्रिटिश बनावटीचा, पाकिटातून कधीही बाहेर न निघालेला, नेमक्या याच गाडीचा होज निघाला. जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांना असा माल खजिन्यासारखा वाटतो. गिअरचे दाते किंवा पितळी नळी असती, तर आम्हीही तसेच म्हटले असते. रबराची गोष्ट निराळी आहे: ते वापरले नाही तरी म्हातारे होते, कारण हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन पाकिटातही त्याला सोडत नाहीत. मालकांनी तो पाइप हलकेच वाकवला आणि वाकाच्या बाहेरच्या अंगाला सुरकुत्यांसारख्या भेगा उमटल्या. त्यांनी तो विकत घेतला, पण नमुना म्हणून. मूळ आकार हातात असणे ही या शोधात छोटी गोष्ट नव्हे.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात हा नमुना दाखवला, तेव्हा एका रबर कारखानदाराने वाकदार होज कसा तयार होतो ते समजावले. ईपीडीएम या उष्णता सोसणाऱ्या कृत्रिम रबराची कच्ची नळी यंत्रातून काढतात, तिच्यावर धाग्याची वीण घालतात, वरून रबराचा दुसरा थर चढवतात. मग ठरलेल्या लांबीचा तो अजून मऊ असलेला तुकडा वाकवलेल्या लोखंडी गजावर ओढून बसवतात आणि वाफेच्या दाबाखाली शिजवतात. शिजून निघालेला पाइप त्या गजाचा वाक जन्मभर विसरत नाही. हे सगळे एका नगासाठी होत नाही. गज घडवण्याचा खर्चच कित्येक पाइपांवर वाटावा लागतो. एकटा नग हाताने करून मिळतो तो सिलिकॉनचा. सिलिकॉन उष्णता उत्तम सोसते, पण त्यातून पाण्याची वाफ रबरापेक्षा जास्त झिरपते, आणि साधी दातेरी क्लिप आवळली की तिच्या खाचांत ते कापले जाते. शिवाय निळ्याजर्द पाइपांनी या गाडीचे बॉनेट उघडावे, हे मालकांना मंजूर नव्हते. माझेही मत त्यांच्याच बाजूने आहे.

(दृश्य: मिस्त्री वेल्डिंगची सळी वाकवत आहेत. जवळून.)

खालचा होज रेडिएटरच्या तळापासून वॉटर बॉडीकडे, म्हणजे पाण्याच्या पंपाकडे जातो. पंप तिथून पाणी ओढत असल्याने वेगात हा पाइप आतल्या आत चेपू शकतो, आणि म्हणूनच जुन्या पाइपांत तारेची स्प्रिंग घातलेली असे. आमच्या पाइपातली स्प्रिंग गंजून तिचे तुकडे झाले होते. या होजसाठी मिस्त्रींनी जे केले, ते पाहण्यासारखे होते. त्यांनी वेल्डिंगची एक सळी घेतली, तिचे एक टोक रेडिएटरच्या तोंडाच्या मध्यावर धरले आणि फॅन बेल्टपासून दोन बोटे अंतर राखत ती हाताने वाकवत वाकवत पंपाच्या तोंडाशी आणून टेकवली. दोन्ही तोंडांचे बाहेरचे व्यास व्हर्नियरने मोजून कागदावर लिहिले. ती वाकडी सळी घेऊन मालक पुन्हा पोवई नाक्यावर गेले.

दुकानदाराने गाडीचे नाव विचारलेच नाही. त्याने सळी वर धरली आणि मान वर करून एकेका जुडग्याशी ती ताडून पाहिली. पाऊण तासाने एका ट्रॅक्टरच्या लांबलचक, तीन वाकांच्या पाइपाचा मधला भाग सळीशी तंतोतंत जुळला. जाड भिंतीचा, आतून विणलेला, चालू वर्षीच बनलेला ताजा माल होता तो. दोन्हीकडून कापून निघालेला तुकडा खालच्या जागी बसला. कूलंटसाठी बनलेलाच पाइप घ्यावा, हा आग्रह मात्र सोडू नये. शेतावरचा पाण्याचा पाइप इतकी उष्णता सोसत नाही, आणि डिझेलसाठी केलेला पाइप वेगळ्या रबराचा असतो.

वरच्या होजचा वाक मात्र कशातच सापडला नाही. १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक एमजीबी तयार झाल्या, त्यामुळे ब्रिटनमध्ये तिचे नवे होज आजही बनतात. अखेर तो तिथूनच मागवला, या वेळी वर्ष लिहून. पाइपापेक्षा टपाल आणि जकात महाग पडली.

(दृश्य: बसवणी.)

होज चढवताना ग्रीस किंवा ऑइल लावण्याची सवय अनेक गॅरेजांत आहे, आणि ती वाईट आहे, कारण ईपीडीएम रबर खनिज तेलाने फुगते. मिस्त्रींनी साबणाचे पाणी वापरले. त्याआधी दोन्ही तोंडांवरचा पांढरा क्षार बारीक पॉलिश पेपरने काढला. तो राहिला असता, तर नवा पाइपही पाझरला असता. आवळायला जुबली क्लिपच, म्हणजे स्क्रूने आवळायच्या धातूच्या पट्ट्याच, घेतल्या. ब्रिटिश नौदलातून निवृत्त झालेल्या लम्ली रॉबिन्सन यांनी १९२१ साली पेटंट घेतलेली ही क्लिप शंभर वर्षांनंतरही कोरेगाव रस्त्यावर त्याच नावाने मागितली जाते.

कूलंट भरून, हीटरचा कॉक उघडा ठेवून, आतली हवा निघेपर्यंत इंजिन चालवले, आणि संध्याकाळी गाडी यवतेश्वरपर्यंत जाऊन आली. काटा मध्यावर राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंडगार असताना, मिस्त्रींनी प्रत्येक क्लिपखाली बोट फिरवले. पहिल्या तापण्यात नवे रबर थोडे दबते आणि क्लिप सैल पडते. वरच्या होजच्या रेडिएटरकडच्या टोकाला बोट ओलसर झाले. त्यांनी तिथला स्क्रू अर्धा फेरा आवळला, बोट फडक्याला पुसले आणि वाकवलेली सळी दाराआडच्या खिळ्याला अडकवली. तिला दोऱ्याने बांधलेल्या पुठ्ठ्यावर लिहिले आहे: “हिरवी गाडी, खालचा.”